इंटर्नशिपला तुझी कॉपी कोण वाचतं, आधी ते सांग

या वेळचं पत्र चिपळूणच्या एका मुलीचं आहे. ओळख कळेल असं काही ठेवलेलं नाही, थोडं आवरून देतेय.

"ताई, मी बीएएमएमसीच्या, म्हणजे मास मीडियाच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज ऑटोनॉमस आहे, ठाण्याला, आणि राहते डोंबिवलीला मावशीकडे. सहाव्या सेमला ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग) आहे, ४ क्रेडिट, १२० तास. कॉलेजने जागा दिली नाही, तुमचं तुम्ही शोधा म्हणाले. शेवटी अंधेरीतल्या एका न्यूज पोर्टलने घेतलं. स्टायपेंड नाही, प्रवासखर्चही नाही. रोज ९ तास, आज २२ दिवस झाले. काम काय तर दुसऱ्या साइटवरच्या बातम्या उचलायच्या, शब्द इकडचे तिकडे करायचे आणि टाकायच्या, दिवसाला बारा. नाव कुठेच येत नाही. आता एचआर म्हणते ३ महिने पूर्ण केल्याशिवाय सर्टिफिकेट मिळणार नाही. त्यात मागच्या आठवड्यात एका लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या बातमीत मला तिच्या शाळेचं नाव टाकायला लावलं. मी विचारलं हे चालतं का, तर सीनियर म्हणाला सगळ्यांनी टाकलंय, तू टाक. तेव्हापासून नीट झोप नाही. चिपळूणचं एक छोटं दैनिक ये म्हणतंय, पण मैत्रिणी म्हणतात मुंबई सोडून गावच्या पेपरात गेलीस तर सीव्हीवर काय दाखवणार. बाबा म्हणतात फुकट राबण्यापेक्षा सरकारी इंटर्नशिपच्या योजनेत जा, तिथे पैसे तरी मिळतात. काय करू?"

अगं, सगळ्यात आधी त्या शाळेच्या नावाचं बघू, कारण बाकीचं सगळं चार दिवस थांबेल, हे थांबणार नाही.

तुला झोप लागली नाही ते बरोबरच आहे. तुला जे खटकलं ते कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पोक्सो कायदा २०१२ चा, त्याचं कलम २३ वाच, अर्ध्या पानाचं आहे. कुठल्याही माध्यमात त्या मुलाची किंवा मुलीची ओळख कळेल असं काहीही द्यायचं नाही, नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, शेजार, काहीही. शाळा हा शब्द त्या कलमात आहे. विशेष न्यायालयाने मुलाच्या हितासाठी परवानगी दिली तरच ते देता येतं. मोडलं तर ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि त्यात प्रकाशक आणि मालकसुद्धा जबाबदार धरले जातात. सगळ्यांनी टाकलंय हे उत्तर कोर्टात चालत नाही, आणि कोर्टाचं सोड, त्या गावात त्या शाळेत त्या वयाच्या मुली किती असणार, अख्ख्या गावाला कळतं ती कोण आहे ते. तिला उद्या त्याच वर्गात बसायचंय.

म्हणून आज हे वाचून झालं की लगेच एक मेल कर. व्हॉट्सॅप नको, मेलच. त्या सीनियरला आणि संपादकांना, दोघांना एकत्र. दोन-तीन ओळी पुरेत: "अमुक तारखेच्या या बातमीत पीडित मुलीच्या शाळेचं नाव गेलं आहे. पोक्सो कलम २३ प्रमाणे ते देता येत नाही. कृपया लगेच काढावं." खाली बातमीची लिंक. रागाचा एक शब्द नको, कोणी टाकायला लावलं तेही नको. आणि एक गोष्ट नीट बघ, बातमीच्या मजकुरातून नाव काढलं तरी लिंकच्या स्लगमध्ये, म्हणजे पत्त्यातल्या शब्दांत, ते तसंच राहतं बरेचदा, फोटोखालच्या ओळीत राहतं, इन्स्टाला जे कार्ड केलेलं असतं त्यावर राहतं, यूट्यूबच्या थंबनेलवर राहतं. चारही ठिकाणं मेलमध्ये लिही. त्यांनी काढलं तर छान, नाही काढलं तर तो मेल तुझ्याकडे आहे आणि मग कॉलेजच्या कोऑर्डिनेटरना तो फॉरवर्ड कर. तुला सीएमएसमध्ये, म्हणजे साइटवर बातम्या टाकायच्या सिस्टीममध्ये, हात घालायची परवानगी असेल तर आधी संपादकांना फोन करून विचार आणि स्वतःच काढ, वाट बघत बसू नकोस.

आता तुझे तास. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास, दर क्रेडिटला ३० तास या हिशोबाने. तू रोज ९ तास जातेस म्हणजे चौदाव्या दिवशीच तुझं कॉलेजचं काम संपलं होतं, आज १९८ तास झालेत. हा हिशोब तुझ्या लक्षात आला नाही कारण पोर्टलवाले ३ महिन्यांची भाषा बोलतायत आणि कॉलेज तासांची, आणि मधे तू. ३ महिने ही त्यांची सोय आहे, त्यांना बारा बातम्या रोज टाकणारं माणूस हवंय. तुला पहिल्या दिवशी काही लेखी दिलं होतं का, ज्यात ३ महिने लिहिलंय? मेल, ऑफर लेटर, काहीही? नसेल तर आत्ता मधेच ही अट घालता येत नाही. असेल तरीसुद्धा तुझ्या कॉलेजने दिलेलं जे पत्र आहे, ज्यावर ओजेटी १२० तास असं असतं, ते घेऊन त्यांना म्हण की मला तासांचं प्रमाणपत्र द्या, जेवढं केलं तेवढंच लिहा. इतके तास, या तारखेपासून या तारखेपर्यंत, हे काम केलं. एवढं लिहायला कोणाचं काही जात नाही आणि बहुतेक ठिकाणी कॉलेजच्या प्राध्यापकांचा फोन गेला की ते होतं. विद्यार्थ्याने मागितलं की टाळतात, कॉलेजने मागितलं की देतात, हे मी खूपदा बघितलंय. त्यामुळे कोऑर्डिनेटरना या कामाला लाव, हे त्यांचं काम आहे. तुमचं तुम्ही शोधा म्हणून जागा शोधायची जबाबदारी तुझ्यावर टाकली ते ठीक, पण तुझ्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी त्यांचीच राहते, क्रेडिट विद्यापीठाचं आहे, पोर्टलचं नाही.

आणि आता माझा खरा प्रश्न, जो मी इंटर्नशिपबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाला विचारते. तिथे तुझी कॉपी, म्हणजे तू लिहिलेली बातमी, कोण वाचतं?

ऑफिस कुठे आहे, नाव किती मोठं आहे, फॉलोअर किती, स्टुडिओ आहे का, हे सगळं नंतर. तू लिहिलेलं टाकण्याआधी एक माणूस शांतपणे वाचतो का, आणि वाचून तुला बोलावून सांगतो का की हे का काढलं, हे कुठून आणलंस, हे परत विचारून ये. बस. हे होत असेल तर फुकटही परवडतं काही दिवस, हे होत नसेल तर पैसे देऊन ठेवलं तरी तू तिथे फक्त टायपिंग करतेयस. बावीस दिवसांत तू दोनशेच्या वर बातम्या टाकल्या असशील आणि तुझ्या पत्रात एकाही दुरुस्तीचा उल्लेख नाही. मला तिथेच कळलं.

दुरुस्ती म्हणजे मी काय म्हणतेय ते एका कॉपीवर दाखवते. समजा तू नगरपरिषदेची बातमी लिहिलीस: "नगरपरिषदेच्या वतीने शहरात प्लास्टिकविरोधी मोहीम मोठ्या उत्साहात राबवण्यात आली. यावेळी अनेक मान्यवर उपस्थित होते. नागरिकांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला." ही प्रेसनोट आहे, तू फक्त वरचं लेटरहेड काढलंस. पोर्टलवर ही जशीच्या तशी जाईल. पण डेस्कवर एखादं जुनं खोड उपसंपादक असेल ना, तर तो पहिल्यांदा "मोठ्या उत्साहात" उडवेल. मग "मान्यवर", मग "उत्स्फूर्त". आता उरलं एक वाक्य, आणि तो तुला विचारेल, किती दुकानं तपासली? माल किती जप्त केला, तो ठेवलाय कुठे? दंड किती जणांना? आणि मग खरा प्रश्न, पावती किती रुपयांची फाडली? कारण राज्यात २०१८ ला बंदी आली तेव्हापासून पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार आणि ३ महिने कैद असं आहे. मग कोणाला पाचशेची पावती देऊन सोडलं असेल तर बातमी तीच आहे, बाकी सगळं फोटो काढण्यापुरतं होतं. आणि तिसऱ्यांदा सापडलेला एकही दुकानदार रजिस्टरमध्ये नसेल तर तीही बातमी आहे, कारण मग दर वेळी पहिलीच वेळ धरतायत का ते विचारावं लागेल. तू परत जाशील, आरोग्य विभागातल्या माणसाला भेटशील, तो आधी उडवून लावेल, तू थांबशील, तो रजिस्टर उघडेल. तुझ्या तीन ओळींची मग डबल कॉलम बातमी होते आणि ती दुसऱ्या कोणाकडेच नसते. हे एकदा झालं की पुढच्या वेळी प्रेसनोट हातात आली की तुझं डोकं आपोआप पावतीच्या रकमेकडे जातं. यासाठी इंटर्नशिप करायची असते गं, बाकी सॉफ्टवेअर वगैरे दोन आठवड्यांत येतं कोणालाही.

म्हणून मी म्हणेन चिपळूणला जा. पण डोळे झाकून जाऊ नकोस, त्याआधी त्या संपादकांशी फोनवर नीट बोल.

आधी जाण्याबद्दल. मैत्रिणी म्हणतायत सीव्हीवर काय दाखवणार. तुझ्या नावाची बातमी दाखवणार, दुसरं काय दाखवायचं असतं? पोर्टलच्या सीव्हीवर तू "कंटेंट इंटर्न, २०० हून अधिक आर्टिकल्स" लिहिशील आणि मुलाखतीत समोरचा म्हणेल एक दाखव, तेव्हा उघडशील काय? आणि चिपळूणसारखी जागा शिकायला फार कमी ठिकाणी मिळते, तू तिथलीच आहेस म्हणून तुला ते दिसत नसेल. परशुराम घाट आहे, मुंबई-गोवा हायवेचं रखडलेलं काम आहे, लोट्याची केमिकल एमआयडीसी आहे आणि खाडीतल्या मच्छीमारांची तक्रार आहे, कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, वाशिष्ठीत येतं तो विषय आहे. जुलै २०२१ चा पूर तू स्वतः बघितला असशील, शाळेत असशील तेव्हा. त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढायचं जे काम सुरू झालं ते पुढे कुठपर्यंत आलं, काढलेला गाळ टाकला कुठे, यावर्षी पावसाआधी काय करणारेत, हे विचारायला मे महिन्यासारखा महिना नाही. परीक्षा झाली की तू नेमकी तेव्हाच तिथे असशील. मुंबईतल्या पोर्टलला ही बातमी पूर आल्यावर आठवते. तू ती आधी करू शकतेस, कारण तुला बाजारपेठेत पाणी कुठल्या बाजूने शिरतं हे माहितीय.

आता फोनवर काय विचारायचं. एक, माझी कॉपी कोण बघणार आणि मला दुरुस्त्या कळणार का. छोट्या दैनिकात बरेचदा संपादक स्वतःच सगळं पान वाचतात, मथळा देतात, प्रूफसुद्धा तेच बघतात, हे तुझ्या फायद्याचं आहे पण संध्याकाळी ते घाईत असतात, म्हणून सकाळी अर्धा तास बसायला द्याल का असं सरळ विचार, बहुतेक हो म्हणतील, शिकायला कोणीतरी येतंय याचं त्यांनाही बरं वाटतं. दुसरं, आणि हे स्पष्ट बोल, जाहिरातींचं काम मी करणार नाही. तालुक्याच्या पातळीवर बातमीदारालाच पुरवणीच्या जाहिराती आणायला लावतात, वर्धापन दिन आला, दिवाळी आली, कोणा नेत्याचा वाढदिवस आला की टार्गेट. पेपर चालवायला जाहिरात लागते हे मला मान्य आहे, ते लोक फार तंगीत पेपर काढतात, पण ज्या ठेकेदाराकडून तू अर्धं पान जाहिरात आणलीस त्याच्या रस्त्याची बातमी तू पुढच्या आठवड्यात कशी लिहिणार? शिकायच्या वयात ही सवय लागली की सुटत नाही. ते जर म्हणाले जाहिरातीही बघाव्या लागतील तर नम्रपणे नको म्हण आणि दुसरीकडे बघ. बायलाइन, म्हणजे बातमीवर तुझं नाव, मिळेल का हे शेवटी विचार, ती काम बघून मिळतेच.

दुसरीकडे म्हणजे कुठे, तर चॅनेल आणि पोर्टल एवढंच जग नाहीये, हे बाकीच्या वाचकांसाठीही सांगते. रेडिओची आवड असेल तर मुंबई विद्यापीठाचा कलिनाला मस्ट रेडिओ आहे, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे, म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, सामुदायिक रेडिओत माणसं कमी असतात म्हणून रेकॉर्डिंग, एडिटिंग, मुलाखत सगळं हाताखालून जातं. ग्रामीण विषयावर लिहायचं असेल तर पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया ही वेबसाइट) विद्यार्थ्यांकडून काम घेते आणि फार बारकाईने संपादन करते, मराठीतही छापते. जिल्हा माहिती कार्यालयात शासकीय बातमी कशी लिहितात, दौरा कव्हर कसा होतो ते कळतं. पीआर एजन्सीत जायला काही जण कमीपणा मानतात, मला तसं वाटत नाही, ज्याला जनसंपर्कातच जायचंय त्याने तिथेच जावं, आणि तिथे स्टायपेंड मिळायची शक्यताही जास्त. प्रश्न तोच विचारायचा, माझं कोण तपासणार.

पैशांबद्दल बाबा म्हणतात ते चूक नाहीये, त्यांच्यावर चिडू नकोस. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, कॉलेजचा कन्सेशनचा पास त्या रूटला चालत नाही, दुपारचं जेवण बाहेर, हे सगळं त्यांच्या खिशातून जातंय. पण ते म्हणतायत ती पंतप्रधान इंटर्नशिप योजना असेल तर २०२४ ला सुरू झाली तेव्हाच्या नियमात वय २१ ते २४, महिना ५ हजार, आणि फुल-टाइम शिकत नसणं ही अट होती. म्हणजे त्या नियमाने तुला त्यात बसता येत नाही, आत्ताचे नियम परत बघून ठरव. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर करार झाला असेल तर स्टायपेंड द्यावाच लागतो, पण कॉलेजच्या ओजेटीला तसा करार नसतो, म्हणून सगळे फुकट राबवून घेतात. मला हे मुळीच पटत नाही. ज्याच्या घरून महिनाभराचा खर्च निघतो तोच पत्रकारितेत शिरणार असं होऊन बसलंय, आणि मग गावाकडची, कमी पैशातली मुलं आधीच गळतात, आणि त्यांच्या गावच्या बातम्याही गळतात. कॉलेजांनी एवढं तरी करावं, निदान प्रवासखर्च देणाऱ्याच जागा यादीत ठेवाव्यात. तोपर्यंत तू प्रत्येक ठिकाणी प्रवासखर्च माग, लाजू नकोस, नाही म्हणाले तर कळलं. चिपळूणला घरी राहशील म्हणजे तेवढा तरी खर्च वाचेल, बाबांना हे सांग.

अजून एक, तू विचारलेलं नाहीस पण इंटर्न मुली हमखास विचारतात म्हणून लिहिते. कामाच्या जागी कोणी त्रास दिला, नको ते मेसेज, रात्रीचे फोन, तर आपण काय पगारी कर्मचारी नाही असं समजून गप्प बसू नका. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात पगार असो नसो, ट्रेनीसुद्धा कर्मचारीच धरलाय. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, दहाहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची.

आता तुझं या आठवड्याचं काम. तो मेल आज. उद्या एक वही घे आणि बावीस दिवसांचं लॉगबुक लिहून काढ, तारीख, आत गेलीस ती वेळ, निघालीस ती वेळ, काय केलंस. मेट्रोच्या तिकिटांवरून, मावशीला केलेल्या निघाले-पोचले मेसेजवरून वेळा सापडतील. टाकलेल्या बातम्यांच्या लिंक आणि स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेव, ऑफिसचं लॉगिन बंद झालं की काही मिळणार नाही. ते घेऊन कोऑर्डिनेटरना प्रत्यक्ष भेट, फोनवर नको, आणि दोन गोष्टी माग, पोर्टलला कॉलेजच्या लेटरहेडवर तासांचं प्रमाणपत्र मागणारं पत्र, आणि ते नाहीच मिळालं तर चिपळूणचे तास धरायची लेखी परवानगी. दुसरी गोष्ट आधीच मागून ठेव, म्हणजे पोर्टलवाल्यांच्या हातात तुझं काही राहत नाही. कोऑर्डिनेटर म्हणाल्या की आता ऑर्गनायझेशन बदलता येत नाही, तर शाळेच्या नावाचा तो मेल त्यांच्यासमोर ठेव आणि विचार की मी अशा ठिकाणी अजून काम करावं असं कॉलेजचं म्हणणं आहे का. शांतपणे विचार. मला वाटत नाही कोणी हो म्हणेल.

पोर्टल सोडताना भांडू नकोस, "कॉलेजचे तास पूर्ण झाले, शनिवारपर्यंत येते" एवढंच लिही. कारण विचारलं तर परीक्षा आहे म्हण, ते खरंच आहे. बदनामी वगैरे होईल असं तू लिहिलं नाहीस पण मनात असेल, तर तसं काही होत नाही, तिथे दर महिन्याला नवे इंटर्न येतात.

आणि चिपळूणच्या संपादकांना फोन करायचा तो सकाळी अकराच्या आसपास कर, संध्याकाळी पान लागायच्या वेळेला कोणी धड बोलत नाही.